हँडल हातात येतं तेव्हा

मराठीत वस्तू नुसती मोडत नाही, ती 'हातात येते'. नळाची तोटी हातात येते, ट्रंकेची कडी हातात येते, कपाचा कान हातात येतो. मोटारीच्या दाराचं बाहेरचं हँडल हातात येतं ते मात्र बहुतेक वेळा नको त्या घडीला. पाऊस लागलेला असतो, एका हातात पिशव्या असतात, आणि ओढायला जावं तर तुकडा बोटांत आणि दार जागच्या जागी बंद. मग पलीकडच्या बाजूने शिरायचं आणि गिअरच्या दांड्यावरून पाय टाकत आपल्या जागेवर यायचं. नव्वदच्या दशकात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून फिरलेल्यांना याचं दुसरं रूप आठवेल. टॅक्सीवाला पुढच्या सीटवरूनच मागे हात लांबवून आतली कडी ओढायचा, कारण बाहेरच्या हँडलने केव्हाच राम म्हटलेला असायचा.

मोटारीचा इतिहास लिहिणारे इंजिनाबद्दल लिहितात, कारखानदारांबद्दल लिहितात, गाडीच्या रूपाबद्दल पानंच्या पानं लिहितात. हँडलला त्यात ओळभर जागा मिळत नाही, आणि हे बरोबर नाही. माणसाचा हात गाडीला सगळ्यात आधी लागतो तो इथे. शिवाय आपल्याकडच्या गाडीमालकाने घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात स्वतःच्या हाताने बदललेल्या भागांत हँडलचा नंबर फार वरचा आहे. कार्ब्युरेटर उघडायला धीर लागतो, ब्रेकला हात लावताना जिवाचा प्रश्न असतो. हँडलला एक दहाचा पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि रविवारची सकाळ पुरायची.

सुरुवातीच्या मोटारींना हँडल नव्हतं, कारण कित्येकींना धड दारच नव्हतं. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त बनली. तिच्या उघड्या टपाच्या गाडीत बाहेरून धरायला काहीच नसे. दाराच्या वरून हात आत घालायचा आणि खटका ओढायचा. अमेरिकेत बनणाऱ्या अशा गाड्यांना तर बरीच वर्षं चालकाच्या बाजूला खरं दारच नव्हतं, पत्र्यावर नुसता दाराचा आकार उठवलेला असे. आपल्याकडे येणाऱ्या फोर्ड मात्र कॅनडात बनत. ब्रिटन वगळता बाकीच्या साम्राज्याला गाड्या पुरवण्याचा हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होता, आणि उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या देशांना गाड्या पाठवायच्या म्हणून तिथे पुढची दोन्ही दारं खरी बसवत. डेट्रॉइटच्या चालकाला जे मिळत नव्हतं ते दार मुंबईच्या चालकाला आधी मिळालं.

बाहेरचं हँडल आलं ते काचेमुळे. १९१९ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दहा गाड्यांपैकी नऊ उघड्या होत्या; दहा वर्षांत हे प्रमाण नेमकं उलटलं. गाडीला छप्पर आलं, खिडकीला काच आली आणि वरून हात घालायची सोय संपली. आता दाराला बाहेरून धरायला मूठ हवी आणि गाडी रस्त्यावर सोडून जाता यावं म्हणून किल्लीही हवी. पहिली हँडलं घरातल्या कपाटाच्या मुठीसारखीच होती. काटकोनात वळलेली मूठ, तिच्या पोटातून निघालेला चौकोनी दांडा, आणि तो दांडा सरळ कुलपाच्या खटक्यात. मूठ फिरवली की खटका मागे. यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं. दोष एवढाच, की ती बाहेर आलेली असे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कपड्यात, पिशवीच्या बंदात अडके. पुढे युरोपात नियमच झाला, की फिरणाऱ्या मुठीचं मोकळं टोक गाडीच्या मागच्या दिशेलाच असलं पाहिजे.

१९४१ च्या लिंकन कॉन्टिनेन्टलने फिरती मूठ काढून दारावर नुसतं दाबायचं बटण दिलं. युद्धानंतर स्थिर मूठ आणि तिच्यात अंगठ्याने दाबायचं बटण ही जोडी जगभर रुळली. भारतात ज्या पिढीने अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाट वापरल्या तिच्या अंगठ्याला ते बटण चांगलं ठाऊक आहे. थंडगार, गुळगुळीत, आणि दाबताना 'खट्' असा भरीव आवाज.

त्या मुठी ज्या धातूच्या होत्या त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय त्या मोडतात का हे कळत नाही. चकाकी बघून लोकांना ते स्टील वाटायचं. वरचा पापुद्रा क्रोमचा, त्याखाली निकेल आणि तांबं, आणि आतला गाभा जस्ताचा. जस्त जेमतेम चारशे अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे पोलादी साच्यात दाबाने ओतून एकसारख्या हजारो मुठी झटपट काढता येतात. अडचण होती ती भेसळीची. जस्तात शिसं किंवा कथलाचा अंश राहिला की ओतलेली वस्तू काही वर्षांत आतूनच भेगाळायची आणि भुगा होऊन पडायची. न्यू जर्सी झिंक या अमेरिकन कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्त काढायची रीत बसवली आणि १९२९ मध्ये त्यावर आधारलेले मिश्रधातू आणले. जस्त, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरं घेऊन त्याला नाव पडलं 'झामॅक'. दाराची हँडलं, बॉनेटवरची चिन्हं, खिडकीच्या हातवड्या अशी मोटारीवरची निम्मी शोभा पुढची चाळीस वर्षं याच धातूची होती.

झामॅक देखणा आहे, स्वस्त आहे, पण लवचीक नाही. पोलाद वाकतं, पितळ वाकतं, हा मात्र काही न सांगता तुटतो. तुटलेल्या जागी बोट फिरवलं तर करडा, रवाळ, ओल्या वाळूसारखा गाभा दिसतो. कोकणात आणि मुंबईत तर खारी हवा क्रोमच्या बारीक छिद्रांतून आत शिरते, जस्ताला खाते आणि वरच्या पापुद्र्याला पुटकुळ्या येतात. हँडल वरून चमकत असतं आणि आतून पोखरलेलं असतं. म्हणून मोडण्याचा दोष शेवटी ओढणाऱ्या पाहुण्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. त्याने फक्त शेवटचा हात लावलेला असतो.

आपल्याकडे या हँडलचा संसार सुरू झाला तो कुर्ल्याला. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्येच गाड्या जुळवायला सुरुवात केली होती, पण ते सुटे भाग बोटीने आणून जोडण्याचं काम होतं. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवलं, की ज्यांना भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचं काम बंद केलं. त्याच सुमारास प्रीमियरने फियाट ११०० आणली. तिच्या गुबगुबीत पाठीमुळे आणि लांबुडक्या नाकामुळे महाराष्ट्राने तिचं बारसं केलं 'डुक्कर फियाट'. हे नाव कुणी हिणवून घेतल्याचं आठवत नाही. आजही जुन्या गाड्यांचे शौकीन ते लाडानेच घेतात.

डुक्कर फियाटची दारं पाहण्यासारखी होती. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या एकाच खांबाला. त्यामुळे पुढचं दार उलटं, म्हणजे विंडस्क्रीनच्या बाजूने उघडायचं आणि त्याचं हँडलही पार पुढे असायचं. कपाटाची दोन दारं उघडावीत तशी ती गाडी उघडायची. लुगडं सावरत उतरायला ही तऱ्हा सोयीची होती, पण धोका मोठा होता. चालत्या गाडीत हँडलचा खटका सैल पडला, तर वारा ते दार ओढून सताड उघडायचा. नंतरच्या फियाटमध्ये पुढच्या दाराची बिजागरी पुढे गेली आणि हँडल मागे आलं.

१९६४ मध्ये '११०० डिलाइट' आली, आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झालं. रूप जवळजवळ तेच. ही गोष्ट ग्राहकाला जाचक होती. नवीन गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबा आणि मिळेल ती जुन्याच वळणाची. पण हँडलच्या दृष्टीने पाहिलं तर तिची एक चांगली बाजूही होती. एकच गाडी इतकी वर्षं रस्त्यावर राहिल्याने तिचा प्रत्येक भाग सगळ्या फिटरना तोंडपाठ झाला, आणि भंगारात गेलेल्या गाडीचं हँडल धावत्या गाडीला बसायची शक्यता वाढली. पडीक गाडीतून भाग काढून आपल्या गाडीला लावणं हा तेव्हाच्या गाडीमालकाचा नित्याचा व्यवहार होता.

त्यातून बाजार वाढले. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ न्यू क्वीन्स रोडला सुट्या भागांची दुकानं, कुर्ल्याला गाड्या मोडून विकणाऱ्यांचे अड्डे, पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्ट्सची ओळच्या ओळ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. जुन्या बाजारात जमिनीवर ताडपत्री अंथरलेली असते आणि तिच्यावर पाने, पकडी, जुने मीटर, आरसे, नळ आणि हँडलं एकत्र पडलेली असतात. तिथे मोडलेलं हँडल सोबत नेणाऱ्यालाच मान मिळतो. गाडीचं नाव सांगून भागत नाही, नमुना समोर ठेवावा लागतो. नवा माणूस इथे हमखास एक चूक करतो. घाईघाईत हँडल घेऊन घरी येतो आणि बसवताना कळतं, की ते पलीकडच्या दाराचं आहे. हँडलं आरशातल्या जोडीसारखी असतात, डावं उजव्याला चालत नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला गुडगावहून मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हँडलची जात बदलली. क्रोम गेलं, बटण गेलं. दाराच्या खोबणीत बसलेली काळी प्लॅस्टिकची पट्टी आली. खालून बोटं घालायची आणि पट्टी वर उचलायची. वजन कमी, गंजण्याची भीती नाही, किंमत थोडकी. आणि एक मोठी सोय अशी, की काळं हँडल पांढऱ्या, लाल, निळ्या कुठल्याही गाडीला चालायचं, रंग जुळवायला पेंटरकडे जावं लागत नसे. हँडल घरी बदलण्याचं काम खऱ्या अर्थाने घराघरात गेलं ते या काळ्या पट्टीमुळे. पुढे गाडीच्या रंगाचं हँडल ही ऐपतीची खूण झाली. खालच्या मॉडेलला काळं, वरच्याला रंगीत, त्याहून वरच्याला क्रोमची झलक. काळ्या हँडलवर क्रोमचं झाकण चिकटवून देणारे दुकानदारही मग गल्लोगल्ली दिसू लागले.

प्लॅस्टिक मोडतं ते वेगळ्या तऱ्हेने. उन्हाने ते वर्षागणिक कडक होत जातं. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं हँडल हाताला चटका देतं, आणि त्याच उन्हात आतला बारीकसा कान, ज्याच्यावर ती पट्टी फिरते, तो ठिसूळ होत असतो. एक दिवस पट्टी उचलली की ती नुसती लळालळा हलते, दाराला काही कळतच नाही.

मग सुरू होतं घरचं काम. अनुभवी माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे काच पूर्ण वर घेतो. काच खाली असेल तर ती नेमकी हँडलच्या पाठीमागे येते आणि हात जात नाही. त्यानंतर काच फिरवायची हातवडी काढायची. तिला बाहेरून स्क्रू दिसत नाही, म्हणून कितीतरी जणांनी ती स्क्रू ड्रायव्हरने उचकटून आतल्या पुठ्ठ्याचा सत्यानाश केला आहे. हातवडीच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची स्प्रिंगची चिमुकली क्लिप असते. ती काढायची युक्ती कुठल्याही पुस्तकाशिवाय एका फिटरकडून दुसऱ्याकडे गेली आहे. सुती कापडाची पट्टी हातवडीच्या मागे घालायची, दोन्ही टोकं दोन हातांत धरायची आणि बूट चमकवावा तशी डावी-उजवीकडे ओढायची. कापडाचा धागा क्लिपच्या टोकाला अडकतो आणि क्लिप टुण्णकन उडते. ती कुठे पडते यावर लक्ष ठेवायला घरातलं एखादं पोर बाजूला उभं केलेलं बरं.

पुढे आर्मरेस्टचे स्क्रू, मग दाराचा आतला पुठ्ठा, आणि त्याच्याखाली डिंकासारख्या चिकट पट्टीने लावलेला प्लॅस्टिकचा कागद. हा कागद फालतू समजून फाडून टाकणारे पावसाळ्यात पस्तावतात. काचेच्या कडेने दारात उतरलेलं पाणी खालच्या छिद्रांतून बाहेर जावं, आत सीटवर येऊ नये, यासाठी तो असतो. तो अलगद सोडवून तसाच परत चिकटवायचा. आता दाराच्या पत्र्यातल्या भोकातून हात आत जातो. पत्र्याची धार मनगट कापते, तेव्हा बाही लांब हवी. बाकीचं काम डोळ्यांनी नाही, बोटांनी करायचं. हँडलपासून कुलपाकडे जाणारा पातळ रॉड लागतो, त्याच्या टोकाला प्लॅस्टिकची क्लिप. ती ओढायची नसते; रॉडवरून बाजूला फिरवायची, मग रॉड आपोआप सुटतो. जुनी क्लिप फिरवताना तुटली तर काम अडतं, म्हणून जाणता दुकानदार हँडलबरोबर दोन क्लिपा ठेवूनच पुडी बांधतो. राहिले दोन नट, बहुतेक गाड्यांत दहाच्या पान्याचे. ते सुटले की मोडकं हँडल बाहेरून अलगद निघून येतं आणि त्याच्या जागी दारावर, त्या हँडलने इतकी वर्षं झाकून ठेवलेला, मूळच्या रंगाचा ताजा तुकडा दिसतो.

चालकाच्या दाराचं हँडल असेल, आणि किल्लीचा गड्डा त्यातच बसवलेला असेल, तर जुन्या हँडलमधून तो काढून नव्यात बसवावा लागतो. नाहीतर एका गाडीला दोन किल्ल्या सांभाळायची पाळी येते.

या कामात कुलपाला मात्र हात लावायचा नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. पन्नासच्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अपघातांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की टक्कर झाल्यावर दार उघडून बाहेर फेकल्या गेलेल्या माणसांच्या मरणाचा धोका फार मोठा असतो. तोवर मोटारीचं कुलूप घरातल्या दारासारखंच होतं, एक जीभ आणि एक खाच. दार वाकलं की जीभ निसटायची. १९५६ च्या मॉडेलपासून फोर्डने दुहेरी पकडीची कुलपं दिली, इतरांनीही तोच मार्ग धरला. आज दाराच्या कडेला जो फिरता पंजा दिसतो आणि खांबावरच्या कडीला मिठी मारतो तो याच कुळातला. हँडल फक्त त्या पंज्याला निरोप देतं. निरोप्या बदलता येतो, पंज्याशी घरी खेळू नये.

त्या पंज्याचाच उपयोग शेवटच्या परीक्षेसाठी होतो. नवं हँडल बसलं, रॉड लागला, की दार लावायची घाई करायची नाही. दार उघडंच ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पंजा दाबून बंद करायचा, जणू दार लागलं आहे. मग बाहेरून हँडल उचलायचं. पंजा 'टक्' करून उघडला तर जमलं. नाही उघडला तर रॉड चुकला आहे. हे न पाहता दार धाडकन लावलं, आणि घाईत आतल्या कडीचा रॉडही सुटलेला राहिला, तर मात्र दार उघडणार कसं? आतला पुठ्ठा नीट काढायचा तर दार उघडं लागतं, आणि दार उघडायचं तर पुठ्ठा काढावा लागतो.

एवढ्या सगळ्या कामाला आता ओहोटी लागली आहे, कारण हँडलच दारात लपायला लागलं आहे. ही हौस तशी जुनी. १९५४ च्या मर्सिडीझ ३०० एसएलच्या दारात पत्र्याशी सपाट बसलेली पट्टी होती, एक टोक दाबलं की दुसरं बाहेर यायचं. पण ते सगळं स्प्रिंगचं काम होतं. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एसने त्यात मोटर आणि सेन्सर घातले. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ने २०२१ मध्ये दारात मिटणारी हँडलं मराठी घरांच्या दारापर्यंत आणली. टेस्लाने भारतातलं आपलं पहिलं शोरूम जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं, जिथे एकेकाळी पद्मिनीची हँडलं बसत त्या कुर्ल्याच्या शेजारीच. या हँडलमागे आता वायर आहे, आणि वायरमागे बॅटरी. अपघातात वीज गेली तर बाहेरच्या माणसाने दार कसं उघडायचं, हा प्रश्न गंभीर आहे. चीनने तर १ जानेवारी २०२७ पासून नव्या गाड्यांना विजेशिवाय, हाताने उघडता येणारं हँडल बाहेरून आणि आतूनही असलंच पाहिजे असा नियम केला आहे. हा नियम योग्य आहे. पेटत्या किंवा बुडत्या गाडीजवळ धावत आलेल्या अनोळखी माणसाला काही समजावून सांगायला वेळ नसतो. त्याच्या हाताला मूठ लागली पाहिजे आणि ओढली की दार उघडलं पाहिजे.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. तिच्या जातीची हँडलं मात्र अजून फिरत आहेत. ज्यांनी आजोबांची फियाट जपली आहे ते रविवारी जुन्या बाजारात येतात, खिशातून रुमालात गुंडाळलेला क्रोमचा तुकडा काढतात आणि ताडपत्रीवर ठेवतात. विक्रेता तो उचलतो, उलटा करून मागची काडी पाहतो, अंगठ्याने बटण दाबतो, आणि बाजूच्या डब्यात हात घालता घालता विचारतो, "पुढचं की मागचं? डावं का उजवं?"